निम्म्या मेंदूला वगळून मनाचे आजार कळायचे नाहीत

नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं की रुग्णाला आणि घरच्यांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: मेंदूतल्या रसायनांचं संतुलन बिघडलंय, गोळ्यांनी ते ठीक होईल. या वाक्याने धीर मिळतो. हा आळस नव्हे, स्वभावदोष नव्हे, संस्कारांची उणीव नव्हे, एवढं तरी त्यातून पक्कं होतं, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं टोमणे ऐकलेत त्यांच्यासाठी हे थोडंथोडकं नाही. पण विज्ञान म्हणून ते वाक्य तोकडं आहे. त्यातला सगळा विचार मेंदूतल्या एकाच प्रकारच्या पेशींभोवती फिरतो, चेतापेशींभोवती. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि जवळपास तितक्याच, ८५ अब्जांच्या घरात, दुसऱ्या पेशी असतात. त्यांतल्या बहुसंख्य पेशींना मिळून ग्लिया म्हणतात. हा हिशेब सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला. त्याआधी कित्येक दशकं पाठ्यपुस्तकं ग्लिया चेतापेशींच्या दहापट असल्याचं सांगत होती. एवढा मोठा आकडा इतकी वर्षं कुणी नीट तपासून पाहिला नाही, यावरूनच या पेशींकडे किती लक्ष होतं ते कळतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मानसिक आजारांच्या संशोधनात ग्लियांना मध्यभागी आणायला हवं, त्यासाठी पैसा आणि माणसं लावायला हवीत. आणि ग्लियांच्या नावावर कोणताही उपचार सुरू करण्याआधी त्या विशिष्ट रुग्णात तसा बिघाड आहे का, हे मोजण्याची सक्ती हवी. ही दुसरी अट पाळली गेली नाही, तर पहिलीही गोष्ट बदनाम होऊन बसेल.

आज वापरात असलेल्या मनोविकारांवरच्या औषधांचा उगम पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये मनोविकारांवर वापरात आलं, ते शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला शांत ठेवण्याच्या प्रयत्नांतून. इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध होतं. ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झाले. इमिप्रामिन स्किझोफ्रेनियासाठी देऊन पाहिलं होतं. तिथे ते फसलं, पण नैराश्याला गुण येतो हे रोलांड कून यांच्या नजरेत भरलं. म्हणजे औषधं आधी सापडली. ती डोपामिन, सेरोटोनिन या चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनांवर काम करतात हे नंतर कळलं, आणि त्यावरून आजाराचं कारणही तिथेच असणार असा उलटा हिशेब लावला गेला. या औषधांनी असंख्य जीव वाचवलेत, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, पहिल्या औषधाने नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी आपण अजूनही बहुतांशी त्याच दाराशी उभे आहोत.

आता त्या दुर्लक्षित पेशी करतात काय, ते एका जोडणीपाशी जाऊन पाहू. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींमधल्या अतिसूक्ष्म फटीत ती बहुतेक वेळा ग्लुटामेट सोडते. निरोप पोचला की हे ग्लुटामेट तातडीने हटायला हवं. रेंगाळलं तर पुढची पेशी उत्तेजितच राहते. फार साठलं तर मरते. ते हटवायचं काम प्रामुख्याने अॅस्ट्रोसाइट नावाची ग्लिया करते. तिची नाजूक टोकं त्या फटीला बिलगून असतात. ती ग्लुटामेट आत ओढून घेते, त्याचं ग्लुटामिन करते आणि हे निरुपद्रवी ग्लुटामिन चेतापेशीला परत देते. चेतापेशी त्यातून पुन्हा ग्लुटामेट बनवते. पुढचा निरोप धाडायला लागणारा कच्चा मालही असा ग्लियाकडूनच येतो. बाहेर साठलेलं पोटॅशियम उचलणं, रक्तवाहिनी आणि चेतापेशी यांच्यामध्ये राहून इंधन पुरवणं, हेही तिच्याकडेच. माणसाच्या मेंदूतली एकेक अॅस्ट्रोसाइट वीस लाखांपर्यंत जोडण्यांच्या संपर्कात असू शकते. अशा पेशीचं काम ढिलं पडलं आणि माणसाची झोप, उमेद, विचारांची गती जशीच्या तशी राहिली, हे मला तरी पटण्यासारखं नाही.

बाकीच्या दोन प्रमुख ग्लियांबद्दल थोडक्यात. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. गर्भ अगदी लहान असताना त्या मेंदूत शिरतात आणि तिथेच नांदतात. कचरा खातात, आणि वाढीच्या वयात चेतापेशींमधल्या नको असलेल्या जोडण्याही छाटतात. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवतात, त्यामुळे संदेश वेगाने आणि वेळेवर पोचतात. या दोघींची ओळख पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात पटवून दिली. चेतापेशींची वीज यंत्रावर दिसायची, ऐकू यायची. ग्लिया तशा कडकडत नाहीत. ज्याचा आवाज येत नाही त्याकडे कानाडोळा झाला, असं मला वाटतं.

पुरावे मात्र साठत गेले. १९९८ मध्ये ओंगुर, ड्रेवेट्स आणि प्राइस यांनी मृत्यूनंतर जतन केलेल्या मेंदूंमध्ये, कपाळामागच्या मेंदूच्या एका छोट्या भागातल्या पेशी मोजल्या. ज्यांच्या घराण्यात मनोविकार होते अशा नैराश्याच्या रुग्णांत तिथल्या ग्लिया २४ टक्क्यांनी कमी होत्या, बायपोलर रुग्णांत ४१ टक्क्यांनी. चेतापेशींच्या संख्येत मात्र तसा फरक नव्हता. नमुने थोडे होते, हे खरं. पण ज्या आजाराचा सगळा दोष चेतापेशींच्या बोलण्यावर टाकला होता, त्यात चेतापेशी जागच्या जागी आणि ग्लिया गायब, हे चित्र विसरता येण्यासारखं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. ग्लियांचा ऱ्हास हा आजाराचा परिणाम असेल; वर्षानुवर्षांचा ताण, औषधं, झोपेचे हाल यांनी त्या झिजल्या असतील. कारण आणि परिणाम वेगळे कसे काढायचे? बानास्र आणि ड्यूमन यांनी २००८ मध्ये उंदरांवर तो प्रयत्न केला. मेंदूच्या पुढच्या भागात एका रसायनाने त्यांनी अॅस्ट्रोसाइट नष्ट केल्या, तर उंदीर नैराश्यासारखं वागू लागले: गोड पाण्यातला रस गेला, प्रयत्न सोडून देऊ लागले. त्याच भागातल्या चेतापेशी मारल्या तेव्हा तसं घडलं नाही.

दुसरा प्रयोग मला अधिक हलवून गेला. मारियो कॅपेकी यांच्या प्रयोगशाळेत हॉक्सबी-८ हे जनुक निकामी केलेले उंदीर होते. ते अंग चाटत राहायचे. सगळेच उंदीर अंग साफ करतात, पण हे केस गळून कातडी उघडी पडेपर्यंत, जखमा होईपर्यंत थांबत नसत. मंत्रचळ असलेला माणूस हात धुता धुता सोलवटून घेतो, त्याची आठवण व्हावी असंच ते वागणं. मेंदूत ते जनुक शोधलं तर ते चेतापेशींत सापडलं नाही, काही मायक्रोग्लियांत सापडलं. मग निरोगी उंदरांचा अस्थिमज्जा या उंदरांत घातला, आणि त्यांतल्या अनेकांचं ते चाटणं कमी झालं, केस परत आले. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. रक्ताशी नातं सांगणाऱ्या पेशी बदलल्या आणि एक सक्तीची सवय ओसरली! २०२३ मध्ये याच गटाने प्रकाशाच्या साहाय्याने या मायक्रोग्लियांना उत्तेजित केलं, तेव्हा मेंदूतल्या जागेनुसार उंदरांत भीती किंवा अंग चाटणं, किंवा दोन्ही, दिसून आलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मान्य. पण माणसांतही निसर्गाने असा प्रयोग करून ठेवलाय. सीएसएफ-१-आर नावाचं जनुक मायक्रोग्लियांच्या जगण्यासाठी आवश्यक असतं. त्यात बिघाड असलेली माणसं बहुधा चाळिशीपर्यंत ठणठणीत असतात आणि मग बदलू लागतात. औदासीन्य, चिडचिड, भान सुटल्यासारखं वागणं, स्वभाव पालटणं. पुष्कळांना आधी मानसिक आजाराचंच निदान मिळतं. काही रुग्णांत मूलपेशींचं प्रत्यारोपण केल्यावर आजार पुढे सरकायचा थांबला आहे. हा आजार विरळा आहे, सर्वसाधारण नैराश्याशी त्याची सांगड घालता येणार नाही. पण ग्लियांतल्या बिघाडापासून सुरू होऊन माणसाचं मन बदलू शकतं, हे तो निर्विवाद दाखवतो. म्हणूनच चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच, घराण्यात काही नसताना, स्वभाव झपाट्याने पालटलेल्या माणसाचा एमआरआय न काढता वर्षभर गोळ्या बदलत राहणं मला अक्षम्य वाटतं.

इथपर्यंतचं वाचून कुणालाही वाटेल की मग ग्लियांवरची औषधं द्यायला लागूया. माझी काळजी इथूनच सुरू होते.

मायक्रोग्लिया रोगप्रतिकारक पेशी असल्याने ग्लियांची चर्चा लगेच दाहाकडे, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती चेतल्याने येणाऱ्या सुजेकडे, वळते. मानसिक आजाराचं मूळ शरीरातल्या दाहात आहे, ही कल्पना नवी नाही, आणि तिचा एक भयानक इतिहास आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन १९०७ पासून दोन दशकांहून अधिक काळ तिथे होता. दडलेल्या जंतुसंसर्गातून वेड उपजतं, अशी त्याची खात्री होती. त्याने रुग्णांचे दात काढले, टॉन्सिल काढले, मोठ्या आतड्याचे भाग काढले. आतड्याच्या शस्त्रक्रियांत साधारण ३० टक्के रुग्ण दगावत असल्याचं त्याने स्वतःच नोंदवलंय. प्रतिजैविकं अजून यायची होती. कॉटन ढोंगी नव्हता. त्याचा विश्वास होता. एका रुग्णात संसर्ग आहे की नाही हे सिद्ध करायची गरज त्याला वाटली नाही, कारण सगळ्यांतच असणार हे त्याने आधीच ठरवलं होतं. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच, फक्त इथे भुईच्या जागी माणसं होती.

आज ‘मेंदूची सूज’ हा शब्द त्याच वेगाने पसरतोय. सूज उतरवणारा आहार, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, सूज ओळखणाऱ्या तपासण्या. हतबल घरच्यांना हे सगळं विकायला वेळ लागत नाही. प्रत्यक्षात काय हाती आलंय? मिनोसायक्लिन हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक मायक्रोग्लियांना आवर घालतं. २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला होता, २८,७९९ रुग्ण आणि ३५,९८६ इतर माणसं घेऊन. सी-४ या रोगप्रतिकारक प्रथिनाचं एक रूप मेंदूत जितकं जास्त, तितकी स्किझोफ्रेनियाची शक्यता जास्त, असं त्यातून दिसलं. उंदरांत हेच प्रथिन जोडण्यांच्या छाटणीशी निगडित असल्याचंही त्याच अभ्यासाने दाखवलं. तेव्हा पौगंडावस्थेत मायक्रोग्लिया गरजेपेक्षा जास्त जोडण्या छाटत असतील आणि मिनोसायक्लिनने ती छाटणी थोपवता येईल, अशी आशा वाटणं स्वाभाविक होतं. २०१९ मध्ये प्रयोगशाळेतल्या बशीत तसं दिसलंही: रुग्णांच्या पेशींपासून बनवलेल्या मायक्रोग्लियासारख्या पेशी जास्त जोडण्या गिळत होत्या आणि मिनोसायक्लिनने ते कमी झालं. पण ब्रिटनमधल्या बेनेमिन चाचणीत आजार सुरू होऊन फार वर्षं न झालेल्या २०७ रुग्णांना वर्षभर मिनोसायक्लिन किंवा नकली गोळी दिली गेली, आणि २०१८ मध्ये निकाल आला की फरक काहीच नाही. कदाचित छाटणी आधीच होऊन गेली असेल. कदाचित ती सगळ्या रुग्णांत होतच नसेल. सी-४चं सर्वांत जोखमीचं रूपही धोका सव्वापटीच्या आसपासच वाढवतं. शंभरात एकाला होणारा आजार त्याने शंभरात सव्वा माणसाला होतो. अशा धाग्यावर सगळ्यांसाठी एकच औषध टांगता येत नाही.

इन्फ्लिक्सिमॅबची कहाणी यापुढची आहे आणि माझा मुद्दा तिच्यात पुरता येतो. चार्ल्स रेसन यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांना हे दाहशामक इंजेक्शन किंवा नकली इंजेक्शन दिलं. २०१३ मध्ये निकाल आला: एकूण फरक शून्य. पण उपचारांआधी रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह असला की वाढणारं एक प्रथिन, मोजलेलं होतं. ज्यांचं सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त होतं त्यांना औषधाचा उपयोग होताना दिसला. ज्यांचं कमी होतं त्यांच्यात औषध घेणाऱ्यांची अवस्था नकली इंजेक्शनवाल्यांपेक्षा वाईट राहिली. सीआरपी हे शरीराच्या दाहाचं मोजमाप आहे, मेंदूतल्या ग्लियांचं नव्हे, आणि चाचणी लहान होती. तरी ते मोजलं नसतं तर आपल्या हातात एक फसलेलं औषध उरलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. एकाच नावाखाली किमान दोन वेगळे आजार बसलेत, ही शक्यता त्या साध्या रक्ततपासणीने समोर आणली.

मेंदूतला दाह थेट पाहता येतो की, असं काही जण म्हणतील. २०१५ मध्ये टोरांटोतल्या संशोधकांनी नैराश्याच्या २० रुग्णांच्या आणि २० निरोगी माणसांच्या मेंदूंची पेट चित्रं (किरणोत्सारी खुणेच्या मदतीने घेतलेली स्कॅन) घेतली, आणि टीएसपीओ नावाच्या प्रथिनाचा संकेत रुग्णांत सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला. मायक्रोग्लिया खवळल्याची ती खूण मानली गेली. नंतर कळत गेलं की हे प्रथिन अॅस्ट्रोसाइटमध्ये आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं. २०२३ च्या एका अभ्यासात तर उंदरांच्या मायक्रोग्लिया खवळल्या की ते वाढतं, माणसांच्या मायक्रोग्लियांत तसं वाढत नाही, असं निघालं. म्हणजे मोजायची पट्टीच अजून पक्की नाही. माझ्या मते आज सर्वाधिक पैसा जायला हवा तो इथे, पट्टी बनवण्यात. औषध कंपन्यांना औषध बनवण्यात रस असतो, पट्टीत फारसा नसतो. ते काम सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवं. आणि ग्लियांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या चाचणीला परवानगी देताना नियामकांनी अट घालावी: रुग्ण कोणत्या मोजमापावर निवडले ते आधी जाहीर करा, आणि निकाल नकारार्थी आला तरी त्या मोजमापानुसार फोडून प्रसिद्ध करा.

‘तडफडणाऱ्या माणसाने इतकी वर्षं थांबायचं का? जुनं, स्वस्त औषध देऊन पाहिलं तर बिघडलं कुठे?’ हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. ज्याच्या घरात कुणी महिनोन्महिने अंथरुणातून उठत नाही, त्याला धीर धरायला सांगणं सोपं नाही. तरी उत्तर देतो. कमी सीआरपीच्या रुग्णांचं काय झालं ते वर आलंच आहे. महिनोन्महिने प्रतिजैविक घेण्याचे तोटे वेगळे. आणि अपुऱ्या आधारावर घाईने दिलेलं औषध फसलं की त्यामागची कल्पनाच फसली असं मानलं जातं. अस्थिमज्जा बदलून रेट सिंड्रोम या प्रामुख्याने मुलींना होणाऱ्या मेंदूच्या जनुकीय आजाराचे उंदीर सुधारल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. २०१५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासलं, तर तसं काही घडलं नाही. तीन वर्षं त्या आजाराच्या मुलींचे आईवडील कोणत्या आशेवर जगले असतील, याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

ज्यांच्या गोळ्या आज चालू आहेत त्यांनी यातलं काहीही वाचून त्या बंद करू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवं. ग्लियांची बाजू घेणं म्हणजे जुन्या औषधांना खोटं ठरवणं नव्हे. इंटरफेरॉन अल्फा हे रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं औषध दिल्यावर अनेक रुग्णांना नैराश्य येतं. २००१ मधल्या एका चाचणीत मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना इंटरफेरॉनच्या आधीपासून पॅरोक्सेटिन हे सेरोटोनिनवर काम करणारं नैराश्याचं औषध दिलं. त्यांच्यात गंभीर नैराश्य आलं ते ११ टक्क्यांना. नकली गोळीवाल्यांत ४५ टक्क्यांना. दाहातून उपजलेल्या नैराश्यालाही सेरोटोनिनवरचं औषध रोखतं. मेंदूत या दोन जगांमध्ये भिंत नाही, ती आपल्या बोलण्यात आहे.

आणि उपचार म्हणजे फक्त औषध असंही ग्लियांकडे पाहिल्यावर वाटत नाही. २०१२ मध्ये दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात, दूध तुटल्याबरोबर दोन आठवडे एकटं ठेवलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मायलिन नीट तयार झालं नाही, आणि नंतर सोबत मिळूनही ती उणीव भरली नाही. दुसऱ्यात मोठ्या उंदरांना आठ आठवडे एकटं ठेवल्यावर मायलिन पातळ झालं, पण पुन्हा कळपात सोडल्यावर सुधारलं. एकटेपणाचा माग असा पेशीपर्यंत लागतो, आणि वयानुसार तो पुसता येतो किंवा येत नाही. मुलांची आबाळ आणि छळ रोखण्यावरचा खर्च हा समाजकल्याणाच्या खात्यातला समजला जातो. मी तो मानसिक आरोग्याच्या खात्यात, अगदी वरच्या ओळीत, धरीन.

माणसांत हे तपासायचं तर मेंदू हवेत. माँट्रियलच्या मेंदूपेढीतल्या नमुन्यांवर २०१७ मध्ये तसा अभ्यास झाला. आत्महत्या केलेल्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्या मेंदूच्या एका भागात मायलिनशी संबंधित जनुकांचं काम मंदावलेलं होतं. आत्महत्या केलेल्या पण छळ न सोसलेल्यांत ते तसं नव्हतं. हे कळू शकलं कारण त्या माणसांच्या घरच्यांनी दुःखाच्या दिवसांतही मेंदू दिला आणि नंतर बसून त्यांच्या आयुष्याची हकिगत सांगितली. अशा पेढ्या थोड्या आहेत, त्यांत मानसिक आजाराच्या रुग्णांचे मेंदू थोडे, आणि तुलनेसाठी निरोगी माणसांचेही मेंदू हवेत. मेंदूदानाचा हा विषय मनोविकारतज्ज्ञांनी रुग्ण बरा असताना, त्याच्याशीच बोलून, त्याच्या संमतीने काढावा. आणि ज्यांना कधीही मानसिक आजार झाला नाही, अशा तुम्ही-आम्ही सगळ्यांनी तो आपल्या घरी काढावा.